घरच्या वाहनाला मोठ्या आवाजाचा हॉर्न बसविताना

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कार्यशाळेत एक प्रश्न हमखास येतो. ट्रॅक्टर देखभालीच्या प्रशिक्षणाला आलेला एखादा शेतकरी चहाच्या सुट्टीत आपली मोटारसायकल दारापर्यंत आणतो आणि विचारतो, "सर, हिला मोठ्यात मोठा हॉर्न कोणता बसेल?" कशाला हवा, असे विचारले तर कारण बहुधा एकच असते. पहाटे दुधाचे कॅन लावून डेअरीकडे निघावे, तर पुढे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. त्यावर मोठ्याने गाणी लावलेली. मागून कितीही हॉर्न दिला तरी ड्रायव्हरला पत्ता नसतो. पुढे काढावे तर समोरचे दिसत नाही. न काढावे तर संकलनाची वेळ टळते आणि दूध घरी परत आणावे लागते.

गरज खरी आहे. परंतु दुकानातून मोठा हॉर्न आणून जुन्या हॉर्नच्या दोन वायरी त्याला जोडून देणे म्हणजे ती भागविणे नव्हे. कार्यशाळेत आलेल्या गाड्या पाहता माझे मत असे झाले आहे, की दहापैकी निम्म्याहून अधिक गाड्यांत दोष हॉर्नचा नसतोच. हॉर्न चांगला असतो, पण त्याच्यापर्यंत पुरेशी वीज पोचत नाही. म्हणून शेतकरी बंधूंनी पैसे खर्च करण्यापूर्वी आधी जुना हॉर्न तपासावा. तरीही नवा बसवायचा ठरला तर तो रिले व फ्यूज घालूनच बसवावा.

हॉर्न वाजतो कसा

विजेवर चालणाऱ्या हॉर्नच्या डबीत तांब्याच्या तारेची एक कॉइल, पोलादी पत्र्याचा पातळ पडदा आणि एक कॉन्टॅक्ट पॉइंट असतो. बटण दाबले की कॉइलमधून प्रवाह जाऊन तिचे चुंबक बनते व पडदा आत ओढला जातो. पडदा आत गेला की पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो आणि पडदा उसळून बाहेर येतो. तो बाहेर आला की पॉइंट पुन्हा मिटतो. हा खेळ सेकंदाला साधारण ३०० ते ५०० वेळा चालतो व तोच आपल्याला आवाज म्हणून ऐकू येतो. पडद्याला ओढ किती बसते हे प्रवाहावर अवलंबून असते. व्होल्टेज एक-दीड व्होल्टने जरी कमी पडले तरी पडदा पूर्ण ओढला जात नाही आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो.

बाजारात दोन प्रकार मिळतात. चपट्या हॉर्नमध्ये पडद्यावर आणखी एक ताटली बसविलेली असते. त्याचा आवाज टोकदार व कानात शिरणारा असतो. शंखाच्या आकाराच्या हॉर्नमध्ये हवा वळणदार नळीतून बाहेर पडते, त्यामुळे आवाज जाड व गोल येतो. याखेरीज छोटा कॉम्प्रेसर लावून वाजविण्याचे हवेचे हॉर्न असतात. त्यांच्याविषयी पुढे सांगितले आहे.

आधी जुना हॉर्न तपासावा

पावसाळ्यानंतर आवाज गेल्याची तक्रार आली तर मी प्रथम हॉर्नच्या तोंडात डोकावून पाहतो. कुंभारीण माशीला हॉर्नचे तोंड घर करण्यास फार आवडते. एकदा एका जीपच्या शंखाच्या हॉर्नमधून चांगली मूठभर माती आणि तीत भरून ठेवलेले कोळी निघाले. मालक नव्या हॉर्नचे पैसे खिशात घालूनच आला होता. माती नसेल तर चिखल असतो. तो बारीक काडीने किंवा पंपाच्या हवेने काढावा. आत पाण्याची धार मारू नये.

त्यानंतर हॉर्नची पट्टी पाहावी. चपटा हॉर्न पातळ पोलादी पट्ट्यांवर मोकळा टांगलेला असतो, तो उगीच नाही. पडद्याबरोबर संपूर्ण डबी थरथरावी लागते. पट्टी तुटली म्हणून कोणी हॉर्न सरळ चॅसिसवर घट्ट आवळून टाकतो, किंवा हॉर्नची कड मडगार्डला टेकलेली असते. मग वाजणाऱ्या घंटेला हात लावावा तसे होते. हॉर्नच्या सर्व बाजूंनी बोटभर मोकळी जागा असावी.

आता वीज. यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन मध्यम वेगात असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान. सोबत्याला बटण दाबावयास सांगून, हॉर्न वाजत असतानाच त्याच्या दोन टोकांवर मोजावे. आतला पॉइंट सतत उघडझाप करीत असल्याने आकडा थोडा हलतो, मधला धरावा. बॅटरीवरील आकड्यापेक्षा हॉर्नवर अर्धा व्होल्ट कमी असेल तर हरकत नाही. दीड-दोन व्होल्ट कमी असतील तर नवा हॉर्न आणूनही उपयोग नाही, कारण त्यालाही तेवढीच उपाशी वीज मिळणार. अशा वेळी गंजलेले अर्थिंग, बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी, बटणाचे काळे पडलेले पॉइंट व सैल झालेले जोड क्रमाने घासून साफ करावेत. अर्थिंगची वायर रंगावर आवळलेली असेल तर रंग खरवडून, लोखंड चकाकल्यावर आवळावी.

एवढे करूनही आवाज घोगरा असेल तर हॉर्नच्या मागील बाजूचा छोटा स्क्रू पाहावा. त्यावर बहुधा रंगाचा किंवा लाखेचा ठिपका असतो. तो पाव आटा फिरवावा, बटण क्षणभर दाबून ऐकावे, पुन्हा किंचित फिरवावा. एका जागी आवाज एकदम मोकळा होतो, तेथे थांबावे. ज्या खुणेवर स्क्रू मूळ होता ती आधी खिळ्याने ओरखडून ठेवावी म्हणजे चुकल्यास परत येता येते. मधला मोठा नट मात्र फिरवू नये. तो पडद्याचा असतो, आणि एकदा हलला की हॉर्न पुन्हा पूर्वीसारखा होणे कठीण.

मोठा म्हणजे किती मोठा

हॉर्नच्या खोक्यावर ११८ डेसिबल असा आकडा छापलेला असेल तर तो बहुधा २ मीटरवर मोजलेला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने २ मीटरवरचे ११८ डेसिबल ७ मीटरवर सुमारे १०७ उरतात, १४ मीटरवर १०१ आणि २८ मीटरवर ९५. आता २८ मीटर म्हणजे किती, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल दोन सेकंदांत तेवढे अंतर कापते. आणि बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या कानाशी इंजिनचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, वर गाणी. मध्ये उसाच्या मोळ्यांची भिंत. तुमचे ९५ त्याला कितपत कळणार, हे आपणच ठरवावे.

दुसरा एक गैरसमज असा की दोन हॉर्न लावले म्हणजे आवाज दुप्पट. एकसारखे दोन हॉर्न एकदम वाजविले तर मोजमापात फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट मोठे वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात. मग जोडी का लावतात? एक जाड व एक पातळ सूर एकत्र वाजला की तो इंजिनच्या घरघरीतून वेगळा उठून ऐकू येतो. जाड सुराचा आणखी एक गुण आहे. तो वळणामागे, बांधामागे, घराच्या कोपऱ्यामागे पातळ सुरापेक्षा जास्त वळून पोचतो. आंबोली किंवा वरंधसारख्या घाटातून भाजीपाला नेणाऱ्यांनी म्हणूनच शंखाचा, जाड सुराचा हॉर्न पसंत करावा, आणि तो वळणात शिरल्यावर नव्हे, शिरण्यापूर्वी वाजवावा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर उसाच्या ट्रॅक्टरला मोठ्या हॉर्नपेक्षा ट्रॅक्टरवाल्याला लांब दांड्याचा आरसा जास्त ऐकवतो. ट्रॉलीच्या रुंदीबाहेर डोकावणारे दोन आरसे व मागे लाल परावर्तक पट्ट्या असतील तर पहाटेची अर्धी भांडणे मिटतील. गावात ज्यांचे ट्रॅक्टर वाहतुकीला आहेत, त्यांना हे सोसायटीत किंवा पारावर बसून सांगण्यास काही खर्च येत नाही. आणि अंधारात हॉर्नआधी डिपर द्यावा. आरसा असेल तर तो लगेच दिसतो.

रिलेविना हॉर्न बसवू नये

येथे मी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या मोटारसायकलवर मी शंखाच्या हॉर्नची जोडी बसविली. विषय शिकविणारा माणूस, पण आळस केला आणि जुन्या दोन वायरी सरळ नव्या हॉर्नला जोडल्या. आवाज खणखणीत आला. पाच-सहा आठवड्यांनी एका ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकासमोर बटण दाबले ते दाबलेलेच राहिले. हँडलच्या बटणातील पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या खिडकीत माणसे जमली आणि मी हॉर्नच्या वायरी हाताने ओढून काढल्या. वायरचे वेष्टन मऊ पडले होते, बोटे भाजली. पेट्रोलची नळी तेथून चार बोटांवर होती.

असे का झाले ते पाहू. मोटारसायकलचा मूळ छोटा हॉर्न साधारण २ अँपिअर घेतो. हँडलचे बटण व बारीक वायर तेवढ्याच हिशेबाने बनविलेली असते. शंखाची जोडी मोटारसायकलवर ६ ते ७ आणि जीपवर ८ अँपिअर व त्याहून अधिक घेते. विहिरीवरील मोटारीचे उदाहरण घ्या. स्टार्टरच्या हिरव्या बटणातून मोटारीचा प्रवाह जात नाही. बटण फक्त कॉइलला वीज देते, कॉइल आतले जाड पॉइंट ओढते आणि मोटारीचा प्रवाह त्या पॉइंटमधून जातो. उद्या कोणी पाच हॉर्सपॉवरची मोटार घरातल्या पंख्याच्या बटणावर चालवू म्हणाला तर आपण त्याला वेडा म्हणू. रिले हा हॉर्नचा स्टार्टर आहे. त्याच्या कॉइलला दीड-दोनशे मिलिअँपिअर पुरतात, त्यामुळे हँडलचे बटण आयुष्यभर टिकते.

वायरीचेही तसेच. लांबच्या विहिरीवर बारीक केबल टाकली की मोटार दम धरत नाही, हा अनुभव सर्वांना आहे. एक चौरस मि.मी. तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. जीपमध्ये बॅटरीपासून स्टिअरिंगपर्यंत, तेथून हॉर्नला आणि परत असा सहा मीटरचा फेरा धरला तर रोध ०.१०८ ओहम होतो. त्यातून ८ अँपिअर गेले की सुमारे ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च. जुन्या बटणात व जोडांत आणखी तेवढेच जातात. उलट रिले पुढे बसवून बॅटरीपासून हॉर्नपर्यंत जाऊन-येऊन तीन मीटर २.५ चौरस मि.मी.ची वायर टाकली, तर नुकसान ०.२ व्होल्टच्याही आत राहते. म्हणूनच कित्येकदा केवळ रिले घातल्याने जुनाच हॉर्न नव्यासारखा वाजू लागतो. आमच्याकडे आलेल्या काही शेतकऱ्यांनी एवढ्यावरच समाधान मानले व नवा हॉर्न घेतलाच नाही.

जोडणी

साहित्य असे लागते: १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा चार टोकांचा रिले, फ्यूज व त्याचे झाकणाचे घर, मोटारसायकलसाठी १.५ व जीपसाठी २.५ चौरस मि.मी.ची गाडीच्या वायरिंगची लवचीक तांब्याची वायर, टोकांना दाबून बसवायची थिंबले आणि वायर झाकण्याची नळी. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर वापरू नये. गाडीच्या हादऱ्याने ती आतल्या आत तुटते. ट्रकचा २४ व्होल्टचा रिले दिसण्यात सारखाच असतो, पण १२ व्होल्टवर ओढत नाही; घेताना वर छापलेला आकडा वाचून घ्यावा.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे वजा टोक सोडून ठेवावे. रिलेच्या तळाशी ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे असतात. मूळ हॉर्नवरून सोडलेल्या दोन वायरी ८५ व ८६ ला जोडाव्यात. यात एक सोय आहे. काही गाड्यांत हॉर्नला अधिक वीज कायम आलेली असते व बटण वजा बाजू जोडते, तर काहींत उलट असते. आपण जुन्या हॉर्नच्या जागी रिलेची कॉइल घातली की कोणती पद्धत आहे याचा शोध घेण्याची गरजच उरत नाही, आणि चावी बंद असताना हॉर्न वाजत नाही ही मूळ सोयही कायम राहते. मात्र रिलेच्या अंगावरील आकृतीत डायोडची खूण असेल तर अधिक-वजा पाहूनच जोडावे. काही जुन्या वाहनांत हॉर्नला एकच वायर असते व दुसरी बाजू त्याच्या अंगातून चॅसिसला मिळते. तेथे ती वायर ८६ ला द्यावी आणि ८५ वरून एक वायर चॅसिसला आवळावी.

बॅटरीच्या अधिक टोकावरून जाड वायर फ्यूजला व फ्यूजमधून रिलेच्या ३० ला न्यावी. ८७ वरून निघालेली वायर हॉर्नच्या एका टोकाला, जोडी असेल तर दोन्ही हॉर्नच्या एकेका टोकाला द्यावी. राहिलेली टोके जाड वायरीने बॅटरीच्या वजा बाजूला किंवा खरवडून चकाकत्या केलेल्या चॅसिसला जोडावीत. मोटारसायकलवर मी चॅसिसवर विश्वास न ठेवता थेट वजा टोकापर्यंत वायर नेतो.

फ्यूज बॅटरीपासून एक वीत अंतरात असावा. फ्यूजच्या मागची वायर कोठे घासून चॅसिसला लागली तर तिला वाचविणारे काही नसते. बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ओतू शकते. एका हॉर्नला ३ अँपिअर लागत असतील तर ५ चा, ६-७ लागत असतील तर १० चा आणि जीपच्या ८ अँपिअरच्या जोडीला १५ चा फ्यूज घालावा. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळणारे आजही भेटतात. फ्यूज उडाला म्हणजे कोठेतरी वायर सोलली आहे, ती शोधावी.

रिले कोरड्या जागी, टोके खाली येतील असा बसवावा म्हणजे पाणी साचत नाही. शंखाचे तोंड पुढे व थोडे जमिनीकडे झुकलेले असावे. ते आभाळाकडे असेल तर पहिल्या वळवाच्या पावसातच आत पाणी भरेल. हँडल पूर्ण डावीकडे व पूर्ण उजवीकडे फिरवून वायर ताणली जात नाही ना, पुढचा शॉकअप दाबून चाक हॉर्नला लागत नाही ना, हे पाहिल्याशिवाय काम झाले असे समजू नये. नुसत्या काळ्या टेपने पिळलेले जोड उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतात. जोड थिंबलने दाबावेत किंवा झाळून त्यावर नळी चढवावी.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस. सहा गाड्यांत इंजिनचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. त्यांची मूळ वायर कापू नये. जुन्या हॉर्नवरून निघालेल्या कपलरमध्येच आपल्या वायरीची टोके बसवावीत, जेणेकरून केव्हाही मूळ हॉर्न परत लावता येईल. गाडी हमी कालावधीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारून घेतलेले बरे.

बॅटरी पेलते का

किकवर चालणाऱ्या जुन्या शंभर सी.सी. मोटारसायकलींची बॅटरी २.५ अँपिअर-अवरची असते. तिच्यावर जोडी लादू नये. ३ अँपिअरचा एक चांगला हॉर्न पुरे. सेल्फस्टार्ट गाडीला ५ किंवा अधिक अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर जोडी चालते, परंतु इंजिन मंद वेगात असताना चार्जिंग अपुरे असते हे लक्षात ठेवावे. आठवडी बाजाराच्या गर्दीत इंजिन फटफटत ठेवून हॉर्नवर अंगठा ठेवणाऱ्याची बॅटरी संध्याकाळी सेल्फ ओढत नाही. जीप व पिकअपची बॅटरी मोठी असल्याने तेथे हा प्रश्न येत नाही. जुन्या ६ व्होल्टच्या गाड्या अजून काहींच्या घरी जपलेल्या आहेत. त्यांना १२ व्होल्टचा हॉर्न किंवा रिले चालणार नाही.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ हॉर्नविषयी आहे. वाहनाला, यात शेतीचा ट्रॅक्टरही आला, आय.एस. १८८४ या मानकानुसार विजेचा हॉर्न असावा असे त्यात म्हटले आहे. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा अवाजवी कर्कश, मोठा अथवा दचकविणारा आवाज करणारे साधन खाजगी वाहनाला लावता येत नाही. रुग्णवाहिका, अग्निशामक व पोलिसांची वाहने यांना तेवढी सूट आहे. गाडीवर बसविलेल्या हॉर्नचा आवाज ७ मीटरवर ११२ डेसिबलच्या वर जाता कामा नये. वर सांगितलेली, खोक्यावर ११८ लिहिलेली जोडी या हिशेबात बसते. कॉम्प्रेसरचा प्रेशर हॉर्न आणि ट्रॅक्टरवर हौसेने लावलेला गाण्याच्या चालीचा हॉर्न बसत नाही. गावोगाव ते दिसतात म्हणून ते चालतात असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनीविषयक मानक मोडणारे वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये आहे. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजविल्यास कलम १९४-एफ प्रमाणे पहिल्यांदा १,००० व नंतर २,००० रुपये दंड होतो. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. तेथे, आणि वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत, हॉर्न वाजविण्यास मनाई आहे.

दूध घेऊन पहाटे पाचला निघणाऱ्याने ही शेवटची वेळ नीट वाचावी. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्याला हॉर्न नाही.

बैलगाडीच्या मागे हॉर्न नको

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. गायीबैलांना सुमारे २३ पासून ३५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, आणि त्यांचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो ८,००० हर्ट्झच्या आसपास. आपल्याला हॉर्नचा जो टोकदारपणा थोडा खुपतो, त्यातला कितीतरी वरचा भाग बैलाला आपल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतो. शिवाय जुवाखाली मान अडकलेल्या बैलाला मागे वळून पाहता येत नाही.

हे मी पुस्तकात नंतर वाचले. वर सांगितलेल्या प्रसंगानंतर मी रिले, फ्यूज घालून जोडणी नीट केली होती आणि हॉर्नचे मला थोडे कौतुकच वाटत होते. डिसेंबरातल्या एका सकाळी कारखान्याच्या रस्त्याला उसाची बैलगाडी पुढे होती. गाडीवान ऊसतोडीला आलेला, बायको व मूल मोळ्यांवर बसलेले. रस्ता अरुंद होता. मी दहा-बारा मीटरवरून हॉर्न दिला. उजवीकडचा बैल दचकून बाजूला ओढला गेला, चाक साइडपट्टीवरून घसरले आणि गाडी चारीत कलंडली. बाई व मूल मोळ्यांसकट मऊ मातीत पडले म्हणून वाचले. बैलाचा पुढचा पाय मोडला. गाडीवान मला काही बोलला नाही. तो जू सोडत राहिला व बैलाच्या मानेवरून हात फिरवीत राहिला. बैलाची किंमत मी पुढे हप्त्यांनी दिली, पण त्याचा तो हंगाम माझ्या एका हॉर्नने बुडाला, आणि मुकादमाची उचल त्याच्या अंगावर राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून बैलगाडी, मेंढरांचा कळप किंवा दावणीला नेत असलेले जनावर दिसले की मी वेग उतरवतो आणि गाडीवानाला तोंडाने हाक देतो. "मामा, जाऊ द्या" म्हटले की बैल बिचकत नाही आणि माणूस बाजू देतो. मोठा हॉर्न बसविणाऱ्यांना आमच्या कार्यशाळेत मी एक जास्तीची जोडणी सुचवितो. मूळ छोटा हॉर्न काढून टाकू नये. रिलेच्या कॉइलच्या एका वायरीत, म्हणजे ८५ वर, एक साधे चालू-बंद बटण घालावे, आणि जुना हॉर्न त्याच्या मूळ दोन वायरींवर तसाच ठेवावा. बटण बंद असले की नुसता छोटा हॉर्न वाजतो. राज्य मार्गाला लागलो की बटण चालू करावे. या बटणातून कॉइलचाच थोडासा प्रवाह जातो, त्यामुळे ते साधे व स्वस्त घेतले तरी चालते. पाणी लागणार नाही असे रबरी टोपीचे मात्र घ्यावे, आणि गल्लीत शिरण्यापूर्वी बंद करण्याची हाताला सवय लावावी.

देखभाल फारशी नाही. पावसाळा संपल्यावर एकदा व होळीच्या सुमारास एकदा फ्यूजचे घर उघडून हिरवा गंज आहे का ते पाहावे, थिंबले ओढून पाहावीत, अर्थिंगच्या बोल्टवर थोडे ग्रीस लावावे. उंदीर गोठ्यातल्या गाडीची वायर कुरतडतात, तेव्हा नळीवर दातांच्या खुणा दिसल्या तर तेवढा तुकडा बदलावा. दोन फ्यूज जास्तीचे, कागदात गुंडाळून सीटखाली ठेवावेत. आणि कुंभारीण माशी परत त्याच जागी येते. शंखाच्या तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधला तर आवाजात फरक पडत नाही व माती आत जात नाही.